दुरुस्तीचा हक्क आणि भाड्याची चौथाई

भाड्याने दिलेले घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, हे महाराष्ट्रात कायद्यानेच ठरलेले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याच्या कलम १४ मध्ये, भाडेकरूने स्वतः वेगळा करार करून ठेवला नसेल तर, जागा चांगल्या व राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे प्रत्येक घरमालकावर बंधनकारक आहे, असे स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. असे असूनही मुंबईच्या जुन्या वस्त्यांत दर पावसाळ्यात कुठे जिना खचतो, कुठे गॅलरी सुटते, कुठे अख्खी इमारत बसते आणि ढिगाऱ्याखालून बाहेर काढले जाणारे लोक बहुधा भाडेकरूच असतात. कायदा इतका स्पष्ट असताना घरे का पडतात, याचे उत्तर शोधायचे तर त्याच कलमाला जोडलेले परंतुक, म्हणजे मुख्य नियमाला मर्यादा घालणारे उपवाक्य, वाचावे लागते.

कलम १४ ची रचना अशी आहे. दुरुस्तीची गरज निर्माण झाली की भाडेकरूने, एकट्याने किंवा इतर भाडेकरूंसह, घरमालकाला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची. ही नोटीस टपालाने किंवा अन्य मार्गाने बजावता येते. त्यानंतर वाजवी मुदतीत घरमालकाने काम केले नाही, तर भाडेकरूंनी ते स्वतः करून घ्यायचे आणि झालेला खर्च भाड्यातून वळता करायचा किंवा अन्य मार्गाने वसूल करायचा. अनेक भाडेकरूंनी मिळून काम केले असेल तर ज्याचे भाडे जितके, त्या प्रमाणात त्याचा वाटा धरायचा, आणि त्यावर द.सा.द.शे. १५ टक्के दराने सरळव्याजही मिळते. खर्चाचा हिशेब आणि पावत्या भाडेकरूंनी ठेवल्या असतील तर त्या निर्णायक पुरावा मानल्या जातात आणि घरमालकावर बंधनकारक ठरतात. घरमालकाने खर्च अवास्तव असल्याची तक्रार करीत वर्षानुवर्षे वाद लांबवू नये, यासाठी ही तरतूद आहे. इथवर हा कायदा भाडेकरूच्या बाजूने खंबीरपणे उभा आहे. पण त्यापुढे परंतुक येते: एका वर्षात अशी वळती किंवा वसूल करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये.

या चौथाईचा अर्थ आकड्यांत मांडल्याशिवाय कळत नाही. दक्षिण मुंबईतील एखाद्या चाळीत २४ बिऱ्हाडे आहेत आणि प्रत्येकाचे भाडे महिना २०० रुपये आहे, असे उदाहरणादाखल धरले तर सगळ्या चाळीचे वर्षाचे भाडे ५७,६०० रुपये होते आणि त्याची चौथाई १४,४०० रुपये. तीन मजली लाकडी सांगाड्याच्या इमारतीतील कुजलेल्या तुळया बदलणे, जिना नव्याने बांधणे, सामाईक संडासांच्या बाजूची भिंत उतरवून पुन्हा चढवणे, यांतल्या कोणत्याही एका कामाचा खर्च आज लाखांत जातो. म्हणजे भाडेकरूंनी पदरमोड करून काम केलेच, तर तो खर्च कायद्याच्या चौकटीत वसूल व्हायला कित्येक दशके लागतील आणि तोवर पुढची दुरुस्ती येऊन ठेपलेली असेल. कायद्याने हक्क दिला खरा, पण तो भाड्याच्या आकाराला बांधून दिला. आणि भाडे तर त्याआधीच गोठवून ठेवलेले होते.

हे भाडे कसे गोठले, याचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात घरटंचाईमुळे भाडी भडकली, तेव्हा १९१८ मध्ये मुंबईत युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात तीच वेळ पुन्हा आली आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ आला, ज्याने सप्टेंबर १९४० मधील भाडे हेच ‘प्रमाणभाडे’, म्हणजे कायद्याने घेता येणारे कमाल भाडे, ठरवले. फाळणीनंतरच्या वर्षांत लाखो माणसे शहरात येत असताना हा कायदा झाला नसता तर गिरणगावातल्या, गिरगावातल्या, भुलेश्वरातल्या कितीतरी कुटुंबांना रस्त्यावर यावे लागले असते, हे विसरून चालणार नाही. चूक कायदा करण्यात झाली नाही. तो तात्पुरता म्हणून करून पुढे पन्नास वर्षे मुदतवाढ देत राहण्यात झाली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, १९४० च्या पातळीवर भाडे रोखून धरणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवास्तव आणि अन्यायकारक झाल्या आहेत, असा निर्वाळा दिला. कायद्याची मुदत लवकरच संपत होती आणि नवा कायदा विचाराधीन होता, म्हणूनच त्या तरतुदी तेव्हा रद्द केल्या गेल्या नाहीत. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करण्याची मुभा दिली. परंतु मूळ भाडेच इतके खाली होते की, ही वाढ चक्रवाढीने धरली तरी १०० रुपयांचे २५ वर्षांत जेमतेम २६७ रुपये होतात.

दरम्यान बाजाराने आपला मार्ग काढला होता. भाडे वाढवता येत नाही म्हणून जागा देताना एकरकमी ‘पागडी’ घेण्याची पद्धत पडली आणि जुना भाडेकरू जागा सोडताना नव्याकडून जी पागडी घेई, तिच्यातील हिस्सा घरमालकाला मिळू लागला. जुन्या कायद्यात हा व्यवहार गुन्हा होता. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने तो कायदेशीर केला. याचा दुरुस्तीशी थेट संबंध आहे. पागडीची रक्कम इमारतीत येत नाही, ती व्यक्तींच्या हातात जाते. आणि आपण घराची जवळजवळ पूर्ण किंमत मोजली आहे असे मानणारा भाडेकरू आणि महिन्याला मिळणाऱ्या शे-दोनशे रुपयांत आपण काय म्हणून इमारत सांभाळावी असे म्हणणारा घरमालक, या दोघांच्या मध्ये इमारत बेवारस होते.

जुनी चाळ नेमकी कुठून कमकुवत होते, हे जवळून पाहिले तर विलंबाची किंमत समजते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतील पुष्कळ चाळींचा सांगाडा सागवानी खांब आणि तुळयांचा आहे. तुळयांची टोके विटांच्या भिंतीत शिरलेली असतात आणि वर फळ्या टाकून त्यांवर कोबा किंवा लादी बसवलेली असते. प्रत्येक मजल्याच्या टोकाला सामाईक संडास आणि मोरी असते. तिथल्या पाइपाची गळती भिंतीत मुरते, तुळईचे भिंतीतले टोक बाहेरून न दिसता कुजते, त्यात वाळवी शिरते आणि वरचा भार हळूहळू शेजारच्या तुळईवर सरकतो. खोलीत राहणाऱ्याला एवढेच जाणवते की, दार चौकटीत अडकू लागले आहे, लादीचा सांधा उघडला आहे आणि गॅलरीचा कठडा किंचित बाहेर झुकला आहे. अशा अवस्थेत घरमालक किंवा सरकारी यंत्रणा ‘टेकू’ लावते, म्हणजे खालून लाकडी वा लोखंडी खांबांचा तात्पुरता आधार देते. आणि तात्पुरते म्हणून लावलेले हे टेकू वर्षानुवर्षे तसेच राहतात, त्यांना कपडे वाळवायच्या दोऱ्या बांधल्या जातात, मुले त्यांच्याभोवती खेळतात. सिमेंट-काँक्रीटच्या नंतरच्या इमारतींतही मूळ कारण पाणीच असते: ओल गजापर्यंत पोचली की गज गंजून फुगतो आणि बाहेरचे काँक्रीट पापुद्र्यांसारखे सोडवतो. सुरुवातीलाच गळका पाइप बदलला असता तर काही हजारांत भागले असते, ते काम दहा वर्षांनी लाखांचे होते. दुरुस्तीच्या हक्काला वार्षिक भाड्याचे कुंपण घालणे म्हणूनच घातक ठरले आहे, कारण जे काम वेळेवर करणे स्वस्त पडते ते करण्याचे बळही त्या कुंपणाच्या आत राहत नाही.

राज्याला हे कळले नव्हते असे नाही. १९६० च्या दशकात मुंबईत घरे कोसळण्याचे प्रमाण वाढले, तेव्हा नेमलेल्या बेडेकर समितीच्या शिफारशींनंतर १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा होऊन मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अस्तित्वात आले. पुढे हे मंडळ महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियम, १९७६ खाली म्हाडाचा, म्हणजे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाचा, भाग झाले. कल्पना अशी होती की, बेटावरील शहरातील, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या खाजगी भाड्याच्या इमारतींवर मालमत्ता कराबरोबर एक ‘उपकर’ बसवायचा, त्यात राज्य शासनाने आणि महापालिकेने भर घालायची आणि त्या निधीतून मंडळाने इमारतीची संरचनात्मक दुरुस्ती, म्हणजे खांब, तुळया, जिने, भिंती अशा भार पेलणाऱ्या भागांची दुरुस्ती, स्वतः करायची. अशा इमारतींना ‘उपकरप्राप्त इमारती’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात त्या ‘सेस बिल्डिंग’ असतात. सुरुवातीला त्यांची संख्या १९,६४२ होती: १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ वर्गातील १६,५०२, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गातील १,४८९ आणि १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गातील १,६५१. भाडे ज्या तारखेला गोठले तीच तारीख ‘अ’ वर्गाची सीमारेषा आहे, आणि सर्वाधिक इमारती त्याच वर्गात आहेत.

या मंडळाने हजारो इमारतींना आधार दिला आणि कित्येकांची आयुष्ये वाचवली, हे मान्य केले पाहिजे. परंतु इथेही एक मर्यादा आहे. मंडळाने प्रत्येक चौरस मीटरमागे किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा शासन ठरवते. खर्च त्याहून वर गेला तर वरची रक्कम भाडेकरूंनी भरायची, नाहीतर इमारत दुरुस्तीच्या पलीकडे गेली असे ठरवून ती रिकामी करायची. म्हणजे भाडेकरूने आयुष्यभर उपकराचा भार सोसला तरी, इमारत जितकी अधिक मोडकळीला आलेली, तितकी मंडळाची मदत अपुरी पडते. रिकाम्या केलेल्या इमारतीतील कुटुंबांना ‘संक्रमण शिबिरात’, म्हणजे पुनर्बांधणी होईपर्यंत राहायच्या तात्पुरत्या वसाहतीत, पाठवले जाते. शीवचे प्रतीक्षानगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर, मालाडचे मालवणी, गोराई अशा ठिकाणी ही शिबिरे आहेत आणि ‘तात्पुरत्या’ म्हणून गेलेल्या कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी तिथेच वाढली, अशी उदाहरणे विपुल आहेत. ज्यांची मूळ इमारत अरुंद भूखंडामुळे किंवा रस्तारुंदीमुळे पुन्हा बांधताच येत नाही, त्यांच्यासाठी ‘बृहतसूची’ नावाची प्रतीक्षायादी ठेवली जाते. पावसाळ्यापूर्वी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, नोटिसा लागतात, तरी माणसे हलत नाहीत, त्याचे कारण हट्ट नसते. लालबागला राहून परळला कामाला जाणाऱ्या आणि मुलांना शेजारच्या शाळेत घालणाऱ्या कुटुंबाने अनिश्चित काळासाठी गोराईला जायचे, ते परत कधी येता येईल हे कोणीही लेखी न देता, ही मागणी साधी नाही.

परत येताच येणार नाही हे भय काल्पनिक नाही, तसा इमारत कोसळण्याचा धोकाही काल्पनिक नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. तो सगळा परिसर समूह पुनर्विकासात होता आणि तरीही इमारतीत माणसे राहत होती. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारत कोसळली आणि मृतदेह निघत असतानाच कोसळलेला भाग उपकरप्राप्त इमारतीचा की अनधिकृत बांधकामाचा, असा वाद यंत्रणांमध्ये सुरू झाला. बरोबर एका वर्षाने, १६ जुलै २०२० रोजी, फोर्टमधील भानुशाली इमारतीचा मोठा भाग कोसळून १० जणांचा मृत्यू झाला. खाजगी मालकाची लालसा हे एकच कारण पुढे करणाऱ्यांनी २७ सप्टेंबर २०१३ ची माझगावची घटनाही आठवावी: तिथे ६१ जीव घेणारी बाबू गेनू मंडईची इमारत महापालिकेच्या मालकीची होती आणि तिथे राहणारे बहुतेक पालिकेचेच कर्मचारी व त्यांची कुटुंबे होती.

इमारत धोकादायक ठरवण्याचा अधिकार मुंबईत महापालिकेला आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५४ नुसार पडायला आलेली इमारत रिकामी करण्याची, दुरुस्त करण्याची किंवा पाडण्याची नोटीस पालिका देऊ शकते. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी, ज्याला सगळे ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ म्हणतात, ती करून घेणेही आवश्यक आहे. तपासणीतून इमारतीला वर्ग मिळतो: ‘सी-१’ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी, ‘सी-२ए’ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, ‘सी-२बी’ म्हणजे न हलता संरचनात्मक दुरुस्ती होऊ शकेल अशी आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. भाडेकरूच्या दृष्टीने सगळी लढाई या अक्षर-आकड्यांत आहे. सी-१ शिक्का बसला की पाणी आणि वीज तोडली जाते, पोलिसांच्या मदतीने इमारत रिकामी होते आणि जमीन मोकळी होते. ज्या घरमालकाला दुरुस्तीपेक्षा मोकळी जमीन हवी आहे, त्याच्या तज्ज्ञाचा अहवाल सी-१ म्हणतो आणि भाडेकरूंच्या तज्ज्ञाचा अहवाल सी-२बी म्हणतो, हे इतक्यांदा घडले आहे की परस्परविरोधी अहवाल तपासण्यासाठी पालिकेला तांत्रिक सल्लागार समिती नेमावी लागली. या समितीसमोर जाण्याचा मार्ग आहे, हे पुष्कळ भाडेकरूंना नोटीस चिकटल्यानंतर कळते. तोवर मुदतीचे निम्मे दिवस संपलेले असतात.

इमारत पाडली गेली की भाडेकरूचा हक्कही संपतो, ही समजूत आजही चाळीचाळींत आहे आणि ती चुकीची आहे. पूर्वीच्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, इमारत नष्ट झाली की भाडेकरारही संपतो, असे म्हटले होते. परंतु २०१४ मध्ये शहा रतनसी खीमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय बाजूला सारला. या निर्णयाचा पाया मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये आहे: घर भाड्याने देताना घराखालची जमीनही भाडेपट्ट्यात समाविष्ट असते, त्यामुळे पालिकेच्या आदेशाने भिंती आणि छप्पर गेले तरी भाडेकरूचा संबंध जमिनीशी कायम राहतो. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने धोकादायक इमारतींबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक रहिवाशाची यादी व त्याच्या ताब्यातील क्षेत्रफळ पालिकेने नोंदवून ठेवावे आणि पाडकामामुळे त्याच्या हक्कांना बाध येऊ नये, हे स्पष्ट केले. जुन्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही नोंद म्हणजे सगळ्यात मोलाचा कागद आहे. घर रिकामे करताना तिची प्रत हातात घेतल्याशिवाय किल्ली सुपूर्द करणे म्हणजे नंतर दहा वर्षे आपण तिथे राहत होतो हे सिद्ध करत बसणे.

नव्या इमारतीत परतण्याचे दार मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांतील ३३(७) या नियमाने उघडले आहे. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात मालकाला किंवा बिल्डरला जादा चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या तुलनेत अधिक बांधकाम करण्याची परवानगी, मिळते आणि त्याच्या बदल्यात जुन्या निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मोफत आणि मालकी हक्काने द्यावे लागते. त्यासाठी १३ जून १९९६ ही पात्रतेची तारीख धरली जाते. या नियमाने ज्यांना घर मिळाले त्यांचे जगणे पालटले. पण ज्यांचा बिल्डर मध्येच थांबला, ज्यांचे पर्यायी जागेचे भाडे थकले, त्यांची संख्याही लहान नाही. भाडेकरूंच्या बाजूने राज्याने केलेले मोठे उपाय न्यायालयांत कसे अडकतात, याचे उदाहरण म्हणजे १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात घातलेले ‘आठ-अ’ हे प्रकरण. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन राज्याने इमारत संपादन करायची, अशी ही तरतूद. मालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिले आणि त्यातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निकाल दिला की, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. आव्हान दिले तेव्हा तरुण असलेली माणसे निकाल आला तेव्हा म्हातारी झाली होती आणि इमारतींचे वयही तेवढेच वाढले होते.

अलीकडचा उपाय म्हाडा कायद्यात दुरुस्ती करून घातलेल्या कलम ७९-अ चा आहे. त्यानुसार इमारत धोकादायक घोषित झाल्यावर मालकाला ५१ टक्के रहिवाशांच्या संमतीसह पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने मिळतात. त्याने तो दिला नाही तर रहिवाशांच्या नियोजित संस्थेला तेवढीच मुदत मिळते आणि तिलाही जमले नाही तर म्हाडा पुढे येते. इमारतीचे भवितव्य ठरवण्याची पाळी भाडेकरूंकडेही कायद्याने येते, हे या कलमाचे महत्त्व आहे. मात्र म्हाडाने त्याखाली काढलेल्या शेकडो नोटिसांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये गंभीर आक्षेप घेतले, कारण इमारत धोकादायक असल्याची पूर्वअट नीट पूर्ण न करताच त्या काढल्या गेल्या होत्या. चांगला अधिकार हलगर्जीपणाने वापरला की तो भाडेकरूंच्याच हातून निसटतो, आणि याची जबाबदारी अधिकाऱ्यांची आहे.

मुंबईबाहेर तर असे मंडळ नाही आणि उपकरही नाही. पुण्याच्या कसबा, नारायण, सदाशिव, शनिवार अशा पेठांतील वाड्यांत मातीच्या भिंती, कौले आणि लाकडी माळवद आहे, नाममात्र भाडे देणारे भाडेकरू आहेत आणि चार-पाच भावंडांत वाटणी न झालेली मालकी आहे. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि पुढचे सारे मालक-भाडेकरू यांच्या दाव्यावर सोपवते. तिथल्या भाडेकरूकडे कलम १४ आहे आणि त्याची तीच चौथाई आहे.

आजच्या शहरांत भाड्याने राहणाऱ्या तरुण कुटुंबांपैकी फार मोठा वर्ग तर या कलमाच्याही कक्षेत येत नाही. अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो. तो अनुज्ञप्तीधारक, म्हणजे फक्त वापराची परवानगी मिळालेला, असतो, आणि १९९९ च्या कायद्यातील दुरुस्तीचा हक्क भाडेकरूला दिलेला आहे. छतातून पाणी गळत असेल, वायरिंग जळकट असेल, तरी त्याच्या हाती करारातील शब्दांपलीकडे फारसे काही नसते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार अधिनियमात संरचनात्मक दुरुस्ती, रंगरंगोटी, पाइप आणि वायरिंग मालकाकडे आणि नळाचे वायसर, नाल्याची सफाई, खिडकीची काच यांसारखी कामे राहणाऱ्याकडे, अशी वाटणी केलेली आहे. पण घरे हा राज्याचा विषय असल्याने राज्याने आपला कायदा केल्याशिवाय ती कोणाला बांधील नाही. तोवर करारावर सही करण्यापूर्वी अशी वाटणी त्यात लिहून घेणे, एवढाच उपाय उरतो. करार नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने घरमालकावर टाकली आहे आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

घरमालकाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ज्या इमारतीचे वर्षाचे एकूण भाडे तिच्या एका जिन्याच्या दुरुस्तीलाही पुरत नाही, तिच्या मालकाकडून कायद्याने अपेक्षा करायची आणि उत्पन्नावर मात्र कुलूप लावायचे, हे टिकणारे नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हेच ओळखले. पण यातून काढलेला निष्कर्ष, म्हणजे भाडे कमी म्हणून दुरुस्ती नाही, हा मानवी जिवाच्या संदर्भात कधीही मान्य होण्याजोगा नाही. भाडे किती असावे आणि छप्पर माणसांच्या डोक्यावर कोसळू नये, हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि कायद्याने त्यांची जी गाठ मारली ती सोडवली पाहिजे. जीविताला धोका असणाऱ्या संरचनात्मक कामांसाठी चौथाईची मर्यादा काढून टाकावी, असा खर्च इमारतीच्या जमिनीवर बोजा म्हणून चढवावा आणि पुनर्विकासाच्या वेळी वाढीव चटई क्षेत्राचा लाभ मिळवणाऱ्याकडून तो आधी वसूल करावा. ज्या जमिनीची किंमत कोटींत आहे, तिच्यावरच्या घराची दुरुस्ती दोनशे रुपयांच्या भाड्यातून व्हावी, ही मांडणीच चुकीची आहे.

हा बदल होईपर्यंत जुन्या घरात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने काही गोष्टी गाठीशी बांधाव्यात. रागाच्या भरात भाडे देणे कधीही बंद करू नये. थकबाकी हे घर रिकामे करून घेण्याचे घरमालकाच्या हातातील सगळ्यात सोपे कारण असते. मालकाने भाडे नाकारले तर मनीऑर्डरने पाठवून पावती जपावी. आणि थकबाकीचा दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत थकीत रक्कम १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरल्यास घर वाचू शकते, हे लक्षात ठेवावे. घरात दुरुस्ती करताना नवे पक्के बांधकाम उभे करू नये, कारण लेखी संमतीशिवायचे कायमस्वरूपी बांधकाम हेही ताबा मागण्याचे कारण आहे. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, हवेसाठी खिडकी यांना कायद्याने त्यातून वगळले आहे, पण पालिकेची परवानगी लागत असेल तिथे ती घ्यावी. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई यांपैकी काहीही घरमालकाने सबळ कारणाशिवाय तोडले तर कलम २९ खाली मुंबईत लघुवाद न्यायालयात दाद मागता येते. एकट्याने पाठवलेल्या नोटिशीपेक्षा सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून पाठवलेली नोटीस अधिक परिणाम करते. आणि ज्यांच्या तुळईखाली आज टेकू उभा आहे, त्यांनी पुढचा पावसाळा येण्याची वाट न पाहता याच दिवाळीत चाळीची बैठक बोलवावी, भाडेपावत्या आणि प्रत्येक खोलीचे मोजमाप एका वहीत आणावे आणि पंधरा दिवसांची पहिली नोटीस टपालात टाकावी.